सेहेचाळीस औषधं आणि एक बाही

स्वेटरच्या डाव्या बाहीचा काठ चहाच्या कपात पडला तेव्हा शंकासुराला आधी वाटलं, पाल पडली. तो खुर्चीसकट दोन हात मागे सरकला. मग धीर करून त्याने चमच्याने ती वस्तू वर काढली, आणि पाल असती तर फार बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. ती चार बोटं रुंदीची, निळसर राखी, एक उलट एक सुलट विणीची पट्टी होती. तिची जागा खरं म्हणजे त्याच्या मनगटावर होती. मनगटावर आता नुसतं मनगट होतं.

तुटल्या जागेचा एक धागा त्याने चिमटीत धरून हलकेच ओढला. ओला कागद फाटावा तसा तो सुटून हातात आला. दुसरा ओढला, तोही आला. तिसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. 'कसर लागली,' तो मनाशी म्हणाला, आणि लगेच त्याला शंका आली, कसर लागली तर भोकं पडतील, अख्खा काठ कसा उतरेल?

शंका घेणं हा त्याचा स्वभावच होता. बसमध्ये चढल्यावर ही बस आपलीच ना, असं तो कंडक्टरला विचारायचा, आणि कंडक्टर हो म्हणाला की शेजारच्याला विचारायचा. कुलूप लावून तीनदा ओढायचा, जिना उतरायचा आणि चौथ्यांदा ओढायला परत वर यायचा. शाळेत पडलेलं शंकासुर हे नाव त्याच्या बायकोनेही लग्नानंतर चालू ठेवलं, कारण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिला फोन करून विचारलं होतं, "उद्याच ना?"

पण कपात पडलेली बाही ऐऱ्यागैऱ्याने विणलेली नव्हती. ती सासूबाईंनी विणली होती. सासूबाई एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत सूत तपासायच्या कामावर होत्या. गिरणीत त्यांना सगळे 'भिंग' म्हणायचे, आणि ते त्यांच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर, कारण त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांच्या हाताखालून खोटं सूत पुढे गेलं असं एकदाही झालं नाही. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. सासूबाई सुतावरून मेंढी कुठल्या डोंगरावर चरली तिथपर्यंत पोचायच्या. अडीच वर्षांपूर्वी त्यांची बोटं आखडायला लागली आणि त्या लेकीकडे राहायला आल्या.

नेमकी त्याच सुमारास शंकासुराची जुनी नोकरी गेली. अकरा महिने तो घरी बसून होता. त्या अकरा महिन्यांत त्याला दूधवाल्याने विचारलं, न्हाव्याने विचारलं, चुलत्याच्या व्याह्याने मुद्दाम फोन करून विचारलं, "मग, काही जमलं का?" एकाच घरात, एकाच टेबलाशी रोज समोर बसणाऱ्या सासूबाईंनी मात्र एकदाही विचारलं नाही. ही नोकरी लागल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, "तिथे थंडी किती असते?"

आणि मग त्या आखडल्या बोटांनी त्यांनी स्वेटर विणायला घेतला. दिवसाला दोन ओळी, कधी दीडच. चार महिन्यांनी तो त्याच्या हातात देताना म्हणाल्या, "हा शेवटचा हो, जावईबापू. यापुढे सुया धरवायच्या नाहीत." जगात ज्या एकाच गोष्टीविषयी शंकासुराला शंका नव्हती ती ही, की या बाईचे आपल्यावर उपकार आहेत. ते फेडायचे कसे हे त्याला समजत नव्हतं, म्हणून तो निदान स्वेटर रोज घालत होता. आता तो स्वेटरच विरघळायला लागला होता, आणि काही झालं तरी ही गोष्ट सासूबाईंना कळता कामा नव्हती.

कामाच्या ठिकाणी थंडी खरोखरच असायची. ती केसांच्या औषधांची प्रयोगशाळा होती, आणि हवा जराशी दमट झाली की केसाची ताकद बदलते, म्हणून खोली बारा महिने कोरडी आणि गार ठेवत. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्याचं नाव केराटिन. त्याच्या साखळ्या एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या असतात, म्हणून केस ओढला तरी चटकन तुटत नाही. हे हात सोडवायचे आणि पुन्हा धरू द्यायचे नाहीत, असं औषध इथे शोधत होते. हनुवटीवर आणि ओठावर नको असताना उगवणाऱ्या केसांनी ज्या बायका मेटाकुटीला येतात त्यांच्यासाठी. लावलं की केस दुबळा होऊन आपला आपण गळून जावा. औषधाला इथे रोधक म्हणत. आजवर सेहेचाळीस रोधक तयार झाले होते. शंकासुर ते बनवायचा, केसांच्या बटा त्यात बुडवायचा, यंत्रवाल्या बाई त्या बटा यंत्राला लावून तुटेपर्यंत ओढायच्या आणि साहेब आकडे बघून टाळूवर हात फिरवायचे. सेहेचाळीस रोधकांपैकी एकानेही केसाला धक्का लावला नव्हता. येत्या शुक्रवारी मुख्य कार्यालयातून मोठे साहेब येणार होते, आणि ते कशाला येणार होते हे न सांगताही तिघांना कळलं होतं.

पण सोमवारच्या त्या चहानंतर शंकासुराच्या डोक्यात शुक्रवार नव्हता. संध्याकाळ होती.

रोज संध्याकाळी तो घरी आला की सासूबाई दाराशी उभ्या असायच्या. त्याचा हात हातात घेऊन मनगटाशी बाही चाचपायच्या, जरा ओढून बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. हे 'हं' पास झाल्याचं की नापास झाल्याचं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी शंकासुर दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून आत शिरला.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "बाह्या का वर?"

"उकडतंय."

बाहेर लोक तोंडातून वाफा सोडत चालले होते. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. चोराच्या मनात चांदणं, त्याला खरोखरच घाम फुटला होता.

"अगं, यांना ताप आहे," त्यांनी लेकीला हाक मारली. "थर्मामीटर आण. आणि तुम्ही आधी तो स्वेटर काढा, मी घडी घालून ठेवते."

"नको!" शंकासुराने स्वेटर पोटाशी घट्ट धरला. "थंडी वाजतेय."

"आत्ता उकडत होतं ना?"

"थंडी वाजून उकडतंय."

"म्हणजे हिवतापच," सासूबाई म्हणाल्या आणि त्याला दोन पांघरुणांखाली घातलं. आठ वाजता गरम पाण्याची पिशवी आली. साडेआठला वाफ घ्यायचं भांडं आलं. ठणठणीत माणूस दोन तास पांघरुणात शिजत पडला होता आणि बायको दाराशी उभी राहून थर्मामीटरकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत होती. थर्मामीटरवर काहीच नव्हतं.

सासूबाई झोपायला गेल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आईसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची. हे दार लागलं की 'अरे' सुरू व्हायचं.

"काय लपवतोयस रे?"

त्याने बाही उलगडून दाखवली. ती आधी हसली, मग तिने धागा ओढून बघितला आणि हसायची थांबली.

"आईला सांगून टाक."

"तू सांग."

"मी का? माझी बाही आहे का?"

"आई तुझी आहे ना?"

"चार महिने विणलंय रे तिने," बायको हळूच म्हणाली. "रात्री बोटं शेकत बसायची." हे त्याला माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर तर सांगायची उरलीसुरली शक्यताही संपली.

बुधवारी पांढरा कोट चढवताना उजवी बाही कोपरापासून निघाली आणि कोटाच्या बाहीतच राहिली. शंकासुराने ती बाहेर ओढली तेव्हा यंत्रवाल्या बाई बघत होत्या.

"अहो, तुम्ही सुटताय," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत डावीही तशीच कोपरापासून उतरली. दोन्ही बाह्या पिशवीत घालून तो रफूवाल्याकडे गेला. रफूवाला म्हातारा होता, आणि डोळ्याला काच लावल्याशिवाय गिऱ्हाइकाशी बोलतही नसे. त्याने तुटलेली कड उलटीपालटी केली, बोटावर घेतली, तर तिचे चार तंतू बोटावरच राहिले.

"साहेब, रफूला दोन काठ लागतात. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. याला काठच राहिलेला नाही. कशात बुडवलात?"

"कशातच नाही."

"मग हा रोग आहे," रफूवाला म्हणाला आणि हात धुवायला उठला.

त्या संध्याकाळी शंकासुर स्वेटरशिवायच घरी गेला. स्वेटर कुठे, तर धुवायला टाकला. कुणाकडे? कोपऱ्यावरच्या लाँड्रीत. सासूबाई चपला घालायला लागल्या, "शुद्ध लोकर आहे, तो गरम पाण्यात घालेल, मी सांगून येते." मग तो लाँड्रीत नाही, कामावरच विसरलाय. मग लाँड्री म्हणालात ते? लाँड्रीत टाकायचा म्हणून नेला होता, तो कामावर विसरलाय. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. तीन खोट्यांनंतर त्याला स्वतःलाच शंका आली की स्वेटर नक्की आहे तरी कुठे. तो प्रयोगशाळेत खुंटीवर होता. बाह्या पिशवीत होत्या.

"मग थंडीत तसेच आलात? तापातून उठलेला माणूस!" सासूबाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. शंकासुराला त्या शालीत जितकं ओशाळल्यासारखं झालं तितकं जन्मात कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी, घरी कुणाशी नजरानजर नको म्हणून, तो अर्धा तास लवकर निघाला आणि डबा टेबलावरच राहिला.

मोठे साहेब साडेदहाला आले. शांत, सभ्य गृहस्थ होते, आणि वाईट बातमी आणणारी माणसं बहुधा तशीच असतात. साहेबांनी आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता. पहिल्या रोधकापासून सेहेचाळिसाव्यापर्यंत सगळे आकडे एका रेषेत होते.

"सुंदर आहेत," मोठे साहेब म्हणाले. "इतके एकसारखे आकडे मी कुठे बघितले नाहीत. औषध लावा, न लावा, केस आपला तसाच. मग प्रश्न असा येतो, की तुम्ही तिघं इथे..."

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"जावईबापू, डबा," सासूबाई म्हणाल्या आणि आत आल्या. "चालू द्या तुमचं. म्हटलं, थंडी पण बघावी. मी हिशोब धरला तो बरोबर होता का." त्यांनी खोलीची हवा अंगावर घेतली, समाधानाने मान हलवली, डबा ठेवायला जागा शोधली, आणि त्यांची नजर खुंटीवर गेली.

खुंटीवर स्वेटर होता. कोपरापासून बाह्या तुटलेला स्वेटर खुंटीवर फार केविलवाणा दिसतो. शंकासुराच्या तोंडचं पाणी पळालं. 

सासूबाईंनी स्वेटर खाली घेतला. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि कोपराजवळची तुटकी कड खिडकीच्या उजेडात धरली. मोठे साहेब थांबले. त्या कामात व्यत्यय आणावा असं कुणालाच वाटलं नाही.

"बाह्या कुठायत?"

शंकासुराने पिशवी पुढे केली.

"ही कसर नाही," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "कसर कुरतडते. ही लोकर आतून सुटलीय. हिच्यावर काय सांडलंय?"

"काहीच नाही हो. म्हणजे... आमचं औषध. पण त्याने केसाला काहीच होत नाही, ते बघा, भिंतीवर आहे."

"आणि लोकर म्हणजे काय असते?"

साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

"मेंढीचे केसच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मेंढीला लागू पडतं आणि माणसाला नाही, असं कसं होईल? दाखवा बघू तुमचे केस."

साहेबांचा हात नकळत टाळूकडे गेला, पण तिथून मदत होण्यासारखी नव्हती. यंत्रवाल्या बाईंनी बटांचा ट्रे आणून दिला. लांब, काळ्याभोर, चमकदार बटा, प्रत्येकीला चिठ्ठी: नैसर्गिक मानवी केस, तपासलेले. सासूबाईंनी त्यातला एक केस बोटांत फिरवला. ओला केला, ओढला, दातांखाली धरला.

"आगकाडी आहे का कुणाकडे?"

"इथे आग पेटवायला बंदी आहे," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही जरा तिकडे बघा," सासूबाई म्हणाल्या, आणि मोठ्या साहेबांनी निमूटपणे खिशातली काडेपेटी काढून दिली.

त्यांनी बेसिनवर त्या केसाला काडी लावली. केस जळला नाही. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला एक कडक काळा मणी होऊन थांबला. प्लास्टिकची बादली तापल्यासारखा वास सुटला. मग त्यांनी आपल्या अंबाड्यातला एक पांढरा केस उपटला आणि त्याला काडी लावली. तो तडतडून क्षणात राख झाला, आणि जळक्या केसाचा तो जगजाहीर वास खोलीभर पसरला.

"गिरणीत सुताची पेटी आली की पहिलं काम हे," त्या म्हणाल्या. "जावईबापू, हा केस नाही. हा नायलॉनचा दोरा आहे. तुम्ही वर्षभर दोऱ्यावर औषध लावताय."

शंकासुराने बटेची चिठ्ठी उलटून बघितली. अगदी सुरुवातीला, पहिला रोधक बनायच्याही आधी, नुसते केस ओढून बघायला ते केशकर्तनालयातून केस आणत. कुणाचा जाड, कुणाचा रंगवलेला, कुणाचा पिकलेला. आकडे रोज वेगळे यायचे आणि त्याला त्या आकड्यांची शंका यायची. म्हणून त्यानेच हट्ट धरून एका पुरवठादाराकडून एकसारखे केस मागवले होते. ते इतके एकसारखे आले, आणि आकडे इतके देखणे यायला लागले, की आयुष्यात प्रथमच त्याची शंका फिटली. माल तपासून घेतल्याच्या कागदावर त्याचीच सही होती. बाहीच्या रूपाने औषध रोज त्याच्या मनगटावर गुण दाखवत होतं आणि तो भिंतीवर शोधत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"सगळे एकसारखे होते म्हणून..." तो पुटपुटला.

"एकसारखं दिसलं की आधी संशय घ्यायचा," सासूबाई म्हणाल्या. "दोन मेंढ्यांची लोकर सारखी नसते, आणि तुमच्याकडे शंभर बायकांचे केस सारखे?"

मोठे साहेब पुढे आले. "आजी, तो तुमचा पांढरा केस अजून एखादा मिळेल का?"

त्यांनी दोन दिले. यंत्रवाल्या बाईंनी आपल्या वेणीतले चार दिले. निम्मे केस तसेच ठेवले, निम्मे सेहेचाळीस नंबरात बुडवले आणि तासभर थांबायचं ठरलं. थांबायचं म्हणजे भूक लागणार. सासूबाईंनी डबा उघडून मोठ्या साहेबांपुढे केला आणि त्यांनी तो संपवला. शंकासुराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याला भूकही नव्हती.

तासाभराने यंत्रवाल्या बाईंनी कोरडा केस यंत्राला लावला. काटा चढत चढत गेला आणि मग केस तुटला. मग भिजवलेला लावला. काटा जेमतेम हलला आणि केस गळून पडला. बाईंनी दुसरा लावला, तिसरा लावला. तिसऱ्यानंतर त्यांनी यंत्र बंद केलं आणि डोळ्यांना पदर लावला, कारण घरात मिळवत्या त्या एकट्याच होत्या आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"सहा महिने," मोठे साहेब म्हणाले. "खऱ्या केसांवर पहिल्यापासून सगळे रोधक पुन्हा तपासा. पण एक समजलं नाही. बाह्याच का गेल्या? बाकी स्वेटर तर धडधाकट आहे."

"लांब आहेत ना त्या," यंत्रवाल्या बाई रडतारडता बोलून गेल्या. "कोटाच्या बाहेर यायच्या, हातमोज्यांवर लोंबायच्या. रोज कशात ना कशात बुडायच्याच."

"लांब नाहीयेत!" शंकासुर एकदम उभा राहिला. "माझे हात आखूड आहेत."

मोठे साहेब, जे दिवसभर शांत होते, ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, भिंग पिशवीत ठेवलं आणि साहेबांना म्हणाल्या, "बाह्या पुरावा म्हणून ठेवून घ्या. बाकीचा मी घरी नेते."

घरी परत जाताना बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. ही बस आपलीच का, असं शंकासुराने कुणालाही विचारलं नाही. तीन थांबे गेल्यावर तो म्हणाला, "सासूबाई, मी खोटं बोललो. ताप नव्हता. लाँड्रीही नव्हती."

"ठाऊक आहे. थर्मामीटर मला वाचता येतं."

"आणि आज तुम्ही आला नसतात, तर पुन्हा घरी बसायची पाळी आली असती. तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. आजचे नव्हेत नुसते. त्या अकरा महिन्यांचे. सगळ्यांनी विचारलं, तुम्ही नाही विचारलंत." 

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आजवर विणताना माझी एक ओळ चुकली नाही," त्या म्हणाल्या. "या स्वेटरला मोजणी चुकली. बोटं दुखत होती, लक्ष लागेना. बाह्या दोन बोटं लांब झाल्या आणि ते मला केव्हा समजलं, तर तुम्ही घातल्यावर. म्हटलं, हा माणूस कुलूप चारदा ओढून बघतो, हा आता म्हणणार, बाही लांब झालीय. रोज संध्याकाळी तुमचा हात धरून बघायचे, की आज तरी म्हणतात का. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. रोज घालून गेलात, रोज घालून आलात." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "चूक पकडायला काय, कुणीही पकडतं हो. मीही तेवढंच करत आले जन्मभर. आभार कसले मानता? मीच मानायचे राहिले होते."

 शंकासुराने त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, आणि उतरेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसला.

स्वेटरचं अंग शाबूत होतं आणि त्याच लोकरीचे दोन गुंडे शिल्लक होते. सुया धरण्यासारखी सासूबाईंची बोटं राहिली नव्हती. मग शनिवारी सकाळी त्यांनी सुया जावयाच्या हातात दिल्या. जो माणूस काचेच्या नळीतून थेंब थेंब मोजून टाकतो त्याचा हात स्थिर असणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. हात स्थिर होता, पण डोकं नव्हतं, प्रत्येक टाक्यानंतर तो विचारायचा, "आता सुलट ना?" बायको दारात उभी राहून पोट धरधरून हसत होती. पहिली ओळ त्याने सातदा विणली आणि सासूबाईंनी सातदा उसवायला लावली. "उसवा," एवढंच म्हणायच्या. रविवारी चार ओळी उसवल्या. पुढच्या आठवड्यात तर त्याने झोपेत "उसवतो" म्हटलं, असं बायको सांगते.

तिकडे प्रयोगशाळेत खऱ्या केसांवर रोधक तपासणं सुरू झालं आणि केसांचा प्रत्येक जुडगा सासूबाई दर मंगळवारी येऊन पास करायला लागल्या. ज्या सासूला चुकवण्यासाठी शंकासुर लवकर निघाला होता, ती आता दर मंगळवारी त्याच्याबरोबर निघायची आणि बसमध्ये खिडकी घ्यायची. आकडे रोज वेगळे येत होते. साहेब ते बघून खूश होते.

दुसरी बाही मनगटाशी आली तेव्हा थंडी संपत आली होती. शंकासुराने शेवटचा टाका बंद केला, बाही उजेडात धरली आणि त्याचा चेहरा पडला.

"बाराव्या ओळीत चुकलंय," तो म्हणाला. "सुलट हवा होता, उलट घातलाय. उसवतो."

सासूबाईंनी बाही हातात घेतली. त्यांना ती चूक तो विणत असतानाच दिसली असणार, यात संशय नव्हता. त्यांनी बाराव्या ओळीवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि बाही त्याच्या हातावर चढवून मनगटाशी सारखी केली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.